४०४ की ४१४? जुन्या लोकसभा निकालांबद्दल वाचकांचे प्रश्न

लोकसभेच्या जुन्या निवडणुकांचे आकडे एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरे का दिसतात, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे नागपूर आणि आसपासच्या वाचकांकडून आली. त्यांतल्या सात पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न: १९८४ मध्ये काँग्रेसला किती जागा मिळाल्या? एका पुस्तकात ४०४ आहेत, दुसऱ्यात ४१४ आणि तिसऱ्यात ४१५. शाळेतल्या भिंतीसाठी तक्ता करतो आहे, पण काही केल्या जुळून नाही राहिलं.
— निवृत्त शिक्षक, मानेवाडा

उत्तर: ४०४ आणि ४१४ दोन्ही बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या वेळचे आहेत. डिसेंबर १९८४ मध्ये ५१४ जागांसाठी मतदान झाले. त्या वेळी आसाममध्ये (१४ जागा) आणि पंजाबमध्ये (१३ जागा) निवडणूक घेण्यासारखी परिस्थिती नव्हती, म्हणून या २७ जागांचे मतदान १९८५ मध्ये झाले. त्यांपैकी १० काँग्रेसकडे गेल्या. ४०४ आणि १० मिळून ४१४. निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवालही १९८४ आणि १९८५ असे वेगळे आहेत. पहिलाच उघडून थांबणाऱ्याला ४०४ दिसतात. ४१५ मात्र या बेरजेतून निघत नाही. ही एक जास्तीची जागा कुठली, हे जे पुस्तक सांगत नाही त्याचा आकडा तक्त्यात घेऊ नका.

खरी चूक पुढे होते, टक्के काढताना. ४०४ भागिले ५१४ केले तर ७८.६ टक्के जागा येतात. ४१४ भागिले ५४१ केले तर ७६.५. पण एका पुस्तकातून ४१४ आणि दुसऱ्यातून ५१४ उचलले की ८०.५ टक्के येतात, आणि इतका वाटा काँग्रेसला कोणत्याही दिवशी मिळालेला नव्हता. अंश आणि छेद नेहमी एकाच स्रोतातून घ्यावेत.

असेच इतरत्रही आहे. १९९१ च्या उन्हाळ्यातल्या मतदानात काँग्रेसला २३२ जागा मिळाल्या. पंजाबात फेब्रुवारी १९९२ मध्ये मतदान झाले, तिथल्या १३ पैकी १२ मिळून २४४ झाल्या. १९८९ मध्ये आसामात मतदानच झाले नाही, म्हणून त्या वर्षी ५४३ ऐवजी ५२९ जागा धराव्या लागतात. २०१९ मध्ये वेल्लोरचे मतदान रद्द होऊन ते ऑगस्टमध्ये झाले, त्यामुळे मे महिन्याची यादी ५४२ वर थांबते. पहिल्या लोकसभेत निवडून आलेले सदस्य ४८९ होते, पण सदस्यसंख्या ४९९ दिलेली आढळते. वरचे १० नियुक्त होते, त्यांत जम्मू-काश्मीरचे सहा आणि अँग्लो-इंडियन समाजाचे दोन. तुमच्या तक्त्यात 'किती जागांसाठी मतदान झाले' आणि 'कोणत्या महिन्यापर्यंतचा आकडा' असे दोन रकाने वाढवा. निम्म्याहून अधिक गोंधळ तिथेच मिटतो.

प्रश्न: पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदान किती टक्के झाले? मला ६१.२, ४५.६७ आणि ४४.८७ असे तीन आकडे मिळाले. मार्गदर्शक सांगतात, सरासरी काढू नकोस. मग करू काय?
— संशोधक विद्यार्थिनी, अमरावती रोड

उत्तर: मार्गदर्शकांचे ऐका. या आकड्यांची सरासरी काढणे म्हणजे वजन आणि उंचीची सरासरी काढणे.

१९५१-५२ मध्ये ४०१ मतदारसंघांतून ४८९ सदस्य निवडले गेले. ३१४ मतदारसंघ एकसदस्य होते, ८६ द्विसदस्य, आणि उत्तर बंगाल हा एक त्रिसदस्य. ३१४ अधिक १७२ अधिक ३, झाले ४८९. द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते होती. दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नव्हती, मात्र दुसरे मत न देण्याची मुभा होती. म्हणजे तिथे मोजलेली मते आणि मतदानाला आलेली माणसे या दोन निराळ्या संख्या आहेत.

आता आकडे लावून पाहा. नोंदलेले मतदार १७ कोटी ३२ लाख होते, वैध मते १० कोटी ५९ लाख. भागाकार करा, ६१.२ टक्के येतात. हा 'शंभर मतदारांमागे किती मते पडली' याचा आकडा झाला. शंभरातली किती माणसे केंद्रावर गेली, याचे उत्तर ४५ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे पावणेआठ कोटींच्या घरात माणसे. ६१ ला 'मतदानाचे प्रमाण' म्हणून १९६२ च्या ५५.४ शेजारी ठेवले, तर दहा वर्षांत लोकांचा उत्साह मावळला असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात मतदान वाढले होते. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले आणि दुहेरी मते संपली, एवढाच त्या उतरणीचा अर्थ आहे. १९५७ च्या आकड्यांनाही हेच लागू आहे. त्या वर्षी ४०३ मतदारसंघांपैकी ९१ द्विसदस्य होते.

४५.६७ आणि ४४.८७ यांच्यातले अंतर लहान आहे, पण तेही तपासून पाहण्यासारखे आहे. आधी प्रत्येक तक्त्याचा छेद शोधा. बिनविरोध निवडणूक झालेल्या मतदारसंघातले मतदार त्यात धरले आहेत की वगळले आहेत? मग अंश पाहा: बाद मते त्यात आहेत की फक्त वैध? या दोन्ही गोष्टी एखादा तक्ता सांगत नसेल, तर तो प्रबंधाच्या मुख्य मजकुरात नको, तळटीपेत असू द्या.

संगणकीय फायली वापरत असाल तर आणखी एक खड्डा आहे. द्विसदस्य मतदारसंघाला काही फायलींत दोन ओळी असतात, प्रत्येक जागेची एक, आणि दोन्हींत मतदारसंख्या तीच. रकान्याची सरळ बेरीज केली की ते मतदार दोनदा मोजले जातात. बेरजेआधी राज्य आणि मतदारसंघ या जोडीने ओळी लावा, पुनरावृत्ती काढा आणि बेरीज १७ कोटी ३२ लाखांजवळ येते का ते पाहा. वैध मतांना दोनाने भागून माणसांची संख्या काढण्याचा मोह टाळा. अनेकांनी एकच मत दिले होते, त्यामुळे निम्मा आकडा हा फक्त किमान आकडा ठरतो.

प्रश्न: १९५२ च्या निवडणुकीत बाबासाहेबांचा पराभव किती मतांनी झाला? १४,५६१ असेही वाचले आणि १४,३७४ असेही. जयंतीच्या स्मरणिकेत चुकीचा आकडा जाऊ नये.
— वाचक, इंदोरा

उत्तर: दोन्ही वजाबाक्या मांडून पाहू. डॉ. आंबेडकरांची मते दोन्हीकडे १,२३,५७६ च आहेत. फरक काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांच्या मतांत आहे. कुठे १,३८,१३७ छापली आहेत, कुठे १,३७,९५०. पहिल्यातून १४,५६१ निघतात, दुसऱ्यातून १४,३७४. म्हणजे वाद मताधिक्याचा नाही, एका उमेदवाराच्या एका आकड्याचा आहे, आणि तो १८७ मतांचा आहे. वाद इतका लहान करून घेतला की काम सोपे होते.

यानंतर हिशेबनिसांची जुनी युक्ती लावा. लिहिताना शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले असतील, तर फरकाला ९ ने निःशेष भाग जातो. १८७ ला जात नाही. म्हणजे ही साधी अंकांची अदलाबदल नाही. दुसरी कसोटी बेरजेची. ज्या स्रोतात सगळ्या उमेदवारांची मते आणि एकूण वैध मते दोन्ही छापली आहेत तो घ्या, बेरीज स्वतः करा, आणि काजरोळकरांचा कोणता आकडा घातल्यावर ती छापील एकूण संख्येशी जुळते ते पाहा. मात्र छापील एकूण संख्या स्वतंत्र मोजणीतून आलेली हवी. कुणीतरी नंतर बेरीज करून ती लिहिली असेल, तर तिने काहीच सिद्ध होत नाही, चूकच पुन्हा समोर येते. स्मरणिकेत आयोगाच्या अहवालातली मते घ्या, दोन्ही उमेदवारांची मते पूर्ण छापा आणि दुसरा आकडाही प्रचलित असल्याचे एका ओळीत नोंदवा. नुसते मताधिक्य छापले तर वाचकाला पडताळायला हाती काहीच उरत नाही.

आता या निकालाच्या रचनेबद्दल, कारण ती न समजल्याने फार चुका होतात. उत्तर मुंबई हा द्विसदस्य मतदारसंघ होता, त्यातली एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. काँग्रेसचे विठ्ठल गांधी आणि काजरोळकर निवडून आले. बाबासाहेबांच्या पराभवाचे अंतर राखीव जागेवर निवडून आलेल्या काजरोळकरांपासूनच मोजायचे. गांधींच्या मतांतून वजा करणे चूक. 'पहिला वजा दुसरा' हे आजचे सूत्र तर तिथे अजिबातच चालत नाही, कारण पहिल्या दोन क्रमांकांवरचे दोघेही विजयी असू शकतात.

राखीव जागा आधी भरली जायची: त्या प्रवर्गातला सर्वाधिक मतांचा उमेदवार तिच्यावर. उरलेल्या सगळ्यांत ज्याची मते जास्त, तो दुसऱ्या जागेवर, मग तो कोणत्याही प्रवर्गातला असो. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना मिळाल्या आणि व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५९ मध्ये न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्यामुळे 'एक खुला, एक राखीव' असे गृहीत धरून यादीत प्रवर्ग भरू नका, प्रत्येक नाव तपासा.

बाबासाहेबांची भंडाऱ्याची १९५४ ची लढत शोधत असाल तर ती सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात मिळणार नाही. ती पोटनिवडणूक होती. पोटनिवडणुकांचे निकाल वेगळे शोधावे लागतात, आणि तेही त्या काळच्या राज्याखाली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता.

प्रश्न: महाराष्ट्राच्या यादीत १९५२ चे नागपूर सापडत नाही. शिवाय जांबुवंतराव धोटे यांचा पक्ष प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतो.
— ग्रंथपाल, सीताबर्डी

उत्तर: १९५२ मध्ये नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती, म्हणून तो निकाल मध्य प्रदेशात आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला, म्हणून १९५७ चा निकाल मुंबई राज्यात. महाराष्ट्राखाली नागपूर १९६२ पासून दिसते. अनसूयाबाई काळे १९५२ आणि १९५७ मध्ये याच शहरातून दोनदा निवडून आल्या, पण राज्यनिहाय लावलेल्या याद्यांत त्या दोन वेगळ्या राज्यांत आहेत. रोमन लिपीत तर त्यांच्या नावाची स्पेलिंगेही दोन-तीन सापडतात. संगणक त्यांना वेगवेगळ्या व्यक्ती धरतो. नावे जुळवताना आडनाव, मतदारसंघ आणि वर्ष तिन्ही लावा. चांदा आणि चंद्रपूर या एकाच ठिकाणाच्या जुन्या-नव्या नावांची जोडही अशीच हाताने लावावी लागते.

पक्षाबद्दल नियम एकच ठेवा: निवडणुकीच्या दिवशी उमेदवार ज्या नावावर उभा होता तेच लिहा. धोटे १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉकचे उमेदवार म्हणून निवडून आले, १९८० मध्ये काँग्रेस (आय) चे. स्वतंत्र विदर्भाचे नेते ही त्यांची लोकांमधली ओळख खरी आहे, पण ती 'पक्ष' या रकान्यात बसत नाही, शेऱ्यात बसते. १९६२ मध्ये जिंकलेले लोकनायक बापूजी अणे यांनाही 'अपक्ष' लिहा आणि नाग विदर्भ आंदोलन समितीचा पाठिंबा शेऱ्यात नोंदवा. लोकसभेच्या सदस्य-परिचयात कधी कधी नंतरचा पक्ष दिलेला असतो. निकालासाठी तो घेऊ नये.

१९७७ ला विशेष जपा. जनता पक्षाचे बहुतेक उमेदवार भारतीय लोकदलाच्या 'चक्रातला हलधर' या चिन्हावर लढले, म्हणून आयोगाच्या अहवालात २९५ जागा लोकदलाच्या नावावर आहेत, 'जनता' नावाखाली शोधून त्या मिळत नाहीत. ज्या पुस्तकांत २९८ आहेत, त्यांनी जनता पक्षात सामील झालेल्या संघटना काँग्रेसच्या ३ जागा त्यात मिळवल्या आहेत. १९७७ मधले ते २९५ आणि पुढच्या भाजपच्या जागा एकाच रेषेत जोडून आलेख काढू नका. भाजपची स्थापना १९८० ची आहे, आणि जनता पक्षात अनेक प्रवाह एकत्र आलेले होते.

प्रश्न: २०१४ मध्ये भाजपची मते ३१ टक्के की ३१.३४?
— वाचक, कामठी

उत्तर: भाजपची मते १७ कोटी १६ लाख. 'नोटा'ची (वरीलपैकी कोणीही नाही) सुमारे ६० लाख मते छेदात धरली तर ३१.०, वगळली तर ३१.३४. लोकसभेच्या निवडणुकीत नोटा २०१४ पासूनच आहे, म्हणून आधीच्या वर्षांशी तुलना करायची असेल तर नोटा वगळलेला टक्का घ्या. अनामत रक्कम वाचण्यासाठीची एकषष्ठांश मतांची अटही नोटा वगळूनच मोजतात. सगळ्या वर्षांना एकच छेद वापरा आणि तो तक्त्याखाली लिहा.

प्रश्न: नागपूरच्या अलीकडच्या निकालांची कात्रणे आमच्याकडे आहेत. त्यांतले मताधिक्य अधिकृत आकड्याशी का जुळत नाही? आणि विधानसभानिहाय आकडे मागच्या काळाशी कसे जोडायचे?
— अभ्यासमंडळ, प्रतापनगर

उत्तर: कळमना बाजारातली मोजणी फेऱ्यांनी चालते. वृत्तपत्राची छपाई किंवा वाहिनीची पट्टी शेवटच्या फेरीच्या आधी निघालेली असू शकते. टपाली मतांची बेरीज आणि एखाद्या यंत्राची फेरपडताळणीही राहिलेली असते. म्हणून कात्रण निकालाच्या दिवसाच्या वातावरणासाठी ठेवा, आकड्यासाठी नको. कात्रण वापरायचेच असेल तर दोन-तीन दिवसांनंतरच्या अंकातले वापरा.

आकड्यासाठी नमुना २० शोधा. हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचे अंतिम निकालपत्रक आहे. त्यात विधानसभा क्षेत्रानुसार प्रत्येक मतदान केंद्रावरची उमेदवारनिहाय मते असतात आणि टपाली मते शेवटी वेगळी असतात. अलीकडच्या निवडणुकांची ही पत्रके राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. आधी प्रत्येक केंद्राच्या ओळीची आडवी बेरीज करा, मग नागपूरच्या सहाही विधानसभा क्षेत्रांची उभी बेरीज करा, आणि सगळ्यात शेवटी टपाली मते मिळवा. सहा क्षेत्रांची बेरीज जाहीर आकड्यापेक्षा थोडी कमी येत असेल, तर बहुतेक वेळा टपाली मतेच राहिलेली असतात. पत्रक स्कॅन केलेले असेल तर यंत्राने वाचलेले अंक डोळ्यांनी तपासा. इंग्रजी अंकांत ३ आणि ८, १ आणि ७ यांची गल्लत होते, देवनागरीत १ आणि ९ यांची.

पडताळणीसाठी ओळखीचा आकडा हाताशी ठेवा. २०१९ मध्ये नितीन गडकरी ६,६०,२२१, नाना पटोले ४,४४,२१२, फरक २,१६,००९. २०२४ मध्ये गडकरी ६,५५,०२७, विकास ठाकरे ५,१७,४२४, फरक १,३७,६०३.

मागे जाताना २००९ ला थांबा. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर दक्षिण-पश्चिम नागपूर हे नवे क्षेत्र आले आणि बाकीच्यांच्या सीमा हलल्या. 'पश्चिम नागपूर' हे नाव २००४ मध्येही आहे आणि २००९ मध्येही, पण भूभाग तोच नाही. नाव सारखे म्हणून आकडे जोडले तर मतदार एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेल्यासारखे दिसतात, आणि प्रत्यक्षात फक्त मोहल्ला इकडून तिकडे गेलेला असतो. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजत असत, म्हणून तेव्हाची केंद्रनिहाय मते बऱ्याचदा मुळातच उपलब्ध नाहीत.

प्रश्न: नरसिंह राव १९९१ मध्ये पंतप्रधान झाले, पण त्या वर्षीच्या विजयी उमेदवारांत त्यांचे नाव नाही. यादी अपुरी आहे का?
— वाचक, रामटेक

उत्तर: यादी पुरी आहे. १९९१ ची सार्वत्रिक निवडणूक त्यांनी लढवलीच नाही. पंतप्रधान झाल्यावर नोव्हेंबर १९९१ मध्ये ते आंध्रातल्या नंद्यालच्या पोटनिवडणुकीत निवडून आले. तुमच्या रामटेकमधून ते १९८४ आणि १९८९ मध्ये विजयी झाले होते. १९८४ मध्ये ते हनमकोंडातूनही उभे होते आणि तिथे भाजपच्या जंगा रेड्डींकडून हरले, म्हणून त्या वर्षीच्या उमेदवारांच्या यादीत त्यांचे नाव दोनदा येते, एकदा विजयी आणि एकदा पराभूत. उमेदवारांची संख्या मोजताना त्यांना दोन धरा, माणसे मोजताना एक.